खंडविप्लव व भूपट्ट सांरचनिकी

खंडविप्लव व भूपट्ट सांरचनिकी : पृथ्वीवरील खंडे एका जागी स्थिर नसून भूवैज्ञानिक काळात ती एकमेकांच्या संदर्भात सरकत आली आहेत, या परिकल्पनेस खंडविप्लव म्हणतात. पृथ्वीचे बाहेरील कठीण आवरण सात-आठ मोठ्या व अनेक लहान तुकड्यांचे (भूपट्टांचे) बनलेले आहे. या भूपट्टांच्या हालचालींमुळे खंडे सरकतात, महासागर रुंदावतात किंवा आकसतात, पर्वत उभे राहतात आणि बहुतेक भूकंप व ज्वालामुखी उद्भवतात, असे प्रतिपादन करणाऱ्या सिद्धांतास भूपट्ट सांरचनिकी असे नाव आहे. खंडविप्लवाची सविस्तर मांडणी प्रथम १९१२ मध्ये झाली, तर भूपट्ट सांरचनिकीचा सिद्धांत १९६७-६८ च्या सुमारास आकारास आला. खंडविप्लवाच्या बाजूचे बरेचसे पुरावे आरंभापासूनच उपलब्ध होते. तरीही मधल्या सु. ५५ वर्षांत बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी ते निर्णायक मानले नाहीत. हे पुरावे अपुरे का वाटले आणि नंतर कोणत्या पुराव्यांमुळे मत पालटले, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक उद्‌बोधक प्रश्न आहे. या इतिहासात भारतातील, आणि त्यातही महाराष्ट्रातील, खडकांना महत्त्वाचे स्थान आहे.

पूर्वेतिहास : अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांचे आकार एकमेकांत बसण्याजोगे आहेत, ही गोष्ट जगाचे बऱ्यापैकी अचूक नकाशे तयार होऊ लागताच लक्षात आली होती. फ्लेमिश नकाशाकार आब्राहाम ऑर्टेलियस यांनी १५९६ मध्ये तिचा उल्लेख केला असून अमेरिका खंड यूरोप व आफ्रिका यांपासून तुटून निघाले असावे, असे सुचविले आहे. १८५८ मध्ये आंतॉन्यो स्नायडर-पेलेग्रीनी यांनी यूरोप व उत्तर अमेरिका यांतील कोळशाच्या थरांत आढळणाऱ्या सारख्याच वनस्पतींच्या आधारे ही खंडे जोडून दाखविणारा नकाशा प्रसिद्ध केला. तथापि या सूचनांमागे व्यवस्थित अभ्यास नसल्याने त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. एकोणिसाव्या शतकात पृथ्वी निवत असून आकसत आहे व त्यामुळे तिच्या कवचाला पर्वतरूपी सुरकुत्या पडतात, असा समज प्रचलित होता. कवचाचे भाग वर उचलले जातात किंवा खाली खचतात, पण ते आडवे सरकत नाहीत, असे या मतात गृहीत धरलेले होते.

गोंडवनी खडकांचा प्रश्न : या समजाला पहिली अडचण आली ती दक्षिण गोलार्धातील खंडे व भारत यांमधील खडकांमुळे. ओडिशातील तालचेर कोळसाक्षेत्राचे सर्वेक्षण करताना डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड, एच्. एफ्. ब्लॅनफर्ड व डब्ल्यू. थिओबाल्ड यांना मोठमोठे गोलाश्म बारीक मातीत रुतून बसलेले असे थर आढळले. हे थर बर्फाच्या कार्याने साचले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी १८५६ मध्ये काढला. उष्ण कटिबंधातील प्रदेशात हिमनद्या होत्या ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. चंद्रपूरजवळ ईरई येथे पैनगंगेच्या पात्रात तालचेर गोलाश्मांच्या थराखालील चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व त्यावर समांतर ओरखडे उठलेले आढळले. हिमनदी दगडगोटे घेऊन सरकत गेल्यावर तळखडकावर अशाच खुणा उमटतात. या स्थळाचे वर्णन फेडन यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केल्यावर तालचेर हिमयुगाविषयीची शंका बरीच कमी झाली. हे थर सु. ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

याच सुमाराचे हिमानी निक्षेप (बर्फाने आणून टाकलेला गाळ) दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही सापडले. त्यांच्यावर येणाऱ्या कोळसायुक्त थरांत ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे जीवाश्म (शिळारूप अवशेष) सर्वत्र विपुल आहेत. भारतातील या खडकांना १८७२ मध्ये एच्. बी. मेडलिकट यांनी मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एदुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये हे नाव उचलून या सर्व प्रदेशांना सामावणाऱ्या प्राचीन भूमीस ‘गोंडवनभूमी’ म्हटले. मधले भाग खचून समुद्राखाली गेले, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. इतर वैज्ञानिक खंडांना जोडणारे व नंतर बुडालेले अरुंद भूसेतू कल्पीत असत.

अंटार्क्टिकामधील ग्लॉसोप्टेरिसचा पुरावा मोठी किंमत देऊन मिळाला. दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीने १९१२ च्या फेब्रुवारीत बिअर्डमोर हिमनदीच्या परिसरात खडकांचे सु. १६ किग्रॅ. नमुने गोळा केले. अन्न व इंधन संपत आले असतानाही या तुकडीने ते टाकून दिले नाहीत. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला स्कॉट व त्यांचे दोन सहकारी यांची प्रेते तंबूत सापडली, तेव्हा हे नमुनेही तेथेच होते. ए. सी. सेवर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांतील पाने ग्लॉसोप्टेरिसची असल्याचे दाखवून दिले.

व्हेगेनर यांची मांडणी : आल्फ्रेट व्हेगेनर (१८८०–१९३०) हे जर्मन वातावरणवैज्ञानिक व ध्रुवीय प्रदेशांचे संशोधक होते. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्ट येथील भूवैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी खंडविप्लवाची कल्पना मांडली व १९१५ मध्ये खंडे व महासागर यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची सुधारित चौथी आवृत्ती १९२९ मध्ये निघाली. एके काळी सर्व खंडे मिळून एकच महाखंड (पँजिया) होते व ते फुटून त्याचे तुकडे दूर सरकले, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

त्यांनी दिलेले पुरावे परस्परांपासून स्वतंत्र अशा शाखांतून आलेले होते. (१) आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे जुळवले असता एका खंडातील खडकांचे पट्टे दुसऱ्या खंडात पुढे चालू राहतात. फाटलेले वर्तमानपत्र जुळवताना कडांबरोबर छापील ओळीही जुळाव्यात तसा हा प्रकार आहे. (२) मेसोसॉरस हा लहान, गोड्या किंवा मचूळ पाण्यातील सरीसृप (सरपटणारा प्राणी) फक्त आफ्रिकेच्या दक्षिण भागात व दक्षिण अमेरिकेत आढळतो; त्याने अटलांटिक पोहून ओलांडला असणे संभवत नाही. (३) हिमयुगाच्या खुणांवरून दक्षिणेकडील काही खंडांत बर्फ आजच्या महासागराच्या बाजूने जमिनीवर आलेले दिसते. खंडे एकत्र आणून ठेवली की, या सर्व खुणा ध्रुवालगतच्या एकाच हिमक्षेत्रापासून बाहेर पसरलेल्या दिसतात. (४) पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन उंची प्रामुख्याने आढळतात : एक खंडांची सरासरी पातळी व दुसरी खोल सागरतळाची. यावरून खंडे व सागरतळ हे वेगवेगळ्या द्रव्यांचे बनलेले आहेत, असे व्हेगेनर यांनी अनुमान काढले. खंडांचे खडक वजनाने हलके असून ते खालच्या जड द्रव्यावर जणू तरंगत असल्याने विस्तीर्ण भूसेतू सागरतळापर्यंत बुडणे शक्य नाही. हा मुद्दा भूसेतूंच्या कल्पनेवर थेट आघात करणारा होता.

आक्षेप : व्हेगेनर यांचा ग्रंथ १९२४ मध्ये इंग्रजीत आल्यावर मोठा वाद झाला. नोव्हेंबर १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकेतील खनिज तेल भूवैज्ञानिकांच्या संघटनेने या विषयावर परिसंवाद भरविला. तेथे बहुतेक वक्त्यांचा सूर प्रतिकूल होता. मुख्य आक्षेप प्रेरक शक्तीविषयी होता. पृथ्वीच्या परिवलनामुळे खंडांना विषुववृत्ताकडे ढकलणारे बल आणि सूर्य-चंद्रांचे भरती-ओहोटीस कारण होणारे आकर्षण, अशी दोन कारणे व्हेगेनर यांनी सुचविली होती. ब्रिटिश भूभौतिकीविज्ञ हॅरल्ड जेफ्रीझ यांनी ही बले लक्षावधी पटींनी अपुरी असल्याचे गणिताने दाखवून दिले. भरती-ओहोटीचे बल खंडे हलविण्याइतके प्रबळ असते, तर पृथ्वीचे परिवलन सु. वर्षभरातच थांबले असते. शिवाय सागरतळाचा कठीण खडक फोडीत खंडे नांगराच्या फाळासारखी पुढे कशी जातील, हाही प्रश्न होता. ग्रीनलंड दरवर्षी कित्येक मीटर पश्चिमेकडे सरकत आहे, असा व्हेगेनर यांनी मापनांवरून केलेला दावाही चुकीचा होता. खरा वेग वर्षाला सु. २ सेंमी. इतकाच आहे.

हे आक्षेप केवळ पूर्वग्रहातून आलेले नव्हते. किनाऱ्यांचे साम्य योगायोगाने येऊ शकते, जीवाश्मांचे साम्य भूसेतूंनी समजावता येते आणि हवामानातील बदलांना इतरही कारणे असू शकतात. प्रत्येक पुराव्याला असे पर्यायी उत्तर देता येत होते. मात्र या सर्व पुराव्यांना मिळून एकच पर्यायी उत्तर कोणापाशी नव्हते, या गोष्टीला पुरेसे महत्त्व दिले गेले नाही. व्हेगेनर स्वतः नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावरील केंद्रावर सामान पोहोचवून परतताना मरण पावले.

व्हेगेनर यांच्यानंतर : दक्षिण गोलार्धातील खडक ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्यात या कल्पनेला अधिक पाठिंबा होता. दक्षिण आफ्रिकेतील भूवैज्ञानिक अलेक्झांडर द्यू टॉइट यांनी १९२३ मध्ये दक्षिण अमेरिकेत हिंडून दोन्ही खंडांतील खडकांची थरवार तुलना केली व १९३७ मध्ये खंडविप्लवाचे समर्थन करणारा आपला ग्रंथ व्हेगेनर यांच्या स्मृतीस अर्पण केला. भारतात पुरावनस्पतिवैज्ञानिक बिरबल सहानी यांनी १९३६ मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला. भारतातील ग्लॉसोप्टेरिस-वनश्री आणि चीन व सुमात्रा येथील तत्कालीन वनश्री आज भौगोलिक दृष्ट्या जवळजवळ असूनही मुळात अगदी भिन्न आहेत. तेव्हा पूर्वी त्या परस्परांपासून दूर असल्या पाहिजेत. भूसेतूंच्या कल्पनेने दूरच्या प्रदेशांतील साम्य समजावता येत होते, शेजारच्या प्रदेशांतील भेद मात्र नाही.

प्रेरक शक्तीच्या प्रश्नावर ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी १९२७-२८ पासून एक उत्तर सुचविले होते. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांपासून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे प्रावरणात (कवच व गाभा यांच्यामधील भागात) संनयन प्रवाह म्हणजे तापलेले द्रव्य वर येऊन निवलेले खाली जाण्याचे अतिमंद अभिसरण चालू असावे व त्यांवर खंडे वाहून नेली जात असावीत, अशी ही कल्पना होती. ती पडताळून पाहण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते.

पुराचुंबकत्व : दुसऱ्या महायुद्धानंतर असे एक साधन उपलब्ध झाले. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायम होते. चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर क्षितिजसमांतर व ध्रुवांपाशी उभे असल्याने खडकातील चुंबकत्वाच्या कलावरून तो खडक थिजला तेव्हाचे त्याचे अक्षांश काढता येतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारे दक्षिण ट्रॅपचे बेसाल्ट खडक या अभ्यासास फार सोयीचे ठरले. जे. ए. क्लेग, ई. आर्. डॉइच व डी. एच्. ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये, तर डॉइच, सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी १९५९ मध्ये या खडकांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे लाव्हा थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता, असे त्यांवरून दिसून आले. आजच्या माहितीनुसार सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी हे लाव्हा वाहिले, तेव्हा त्यांचे स्थान सु. ३०° दक्षिण अक्षांशाजवळ होते. म्हणजे सह्याद्रीचे खडक तेव्हापासून उत्तरेकडे ५,००० किमी.हून अधिक सरकले आहेत. यूरोप व उत्तर अमेरिका यांच्या खडकांवरूनही असेच निष्कर्ष निघाले. मोजमापे नाजूक असल्याने पुष्कळांनी या निष्कर्षांबाबत शंका घेतली, तरी खंडविप्लवाचा मिटलेला वाद त्यांनी पुन्हा उघडला.

सागरतळाचा पुरावा : निर्णय अखेर जमिनीवर न होता समुद्राखाली झाला. अमेरिकेतील मरी थार्प व ब्रूस हेझेन यांनी प्रतिध्वनींच्या साह्याने मिळालेल्या खोलींवरून अटलांटिकच्या तळाचे नकाशे तयार केले. स्त्रियांना त्या काळी संशोधन जहाजांवर प्रवेश नसल्याने थार्प किनाऱ्यावर बसून हे काम करीत. महासागराच्या मध्यातून जाणाऱ्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खोल खचदरी असल्याचे त्यांना १९५२-५३ मध्ये आढळले. हेझेन यांना हा निष्कर्ष प्रथम मान्य नव्हता. पण भूकंपांची केंद्रे याच दरीवर येतात, असे दिसल्यावर त्यांनी तो स्वीकारला. पुढे अशा रांगा सर्व महासागरांतून सलग जातात, हे स्पष्ट झाले.

हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे सुचविले की, या रांगांपाशी प्रावरणातील द्रव्य वर येऊन नवा सागरतळ तयार होतो, तो दोन्ही बाजूंना सरकत जातो व शेवटी खोल सागरी खंदकांपाशी पुन्हा खाली जातो. रॉबर्ट डीट्झ यांनी १९६१ मध्ये या क्रियेला सागरतळ विस्तारण असे नाव दिले होते. खंडे सागरतळ फोडीत पुढे जात नाहीत, तर सागरतळाबरोबरच वाहून नेली जातात, असे मानल्याने जेफ्रीझ यांच्या एका मुख्य आक्षेपाचे निराकरण झाले.

या कल्पनेची कसोटी फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूझ यांनी १९६३ मध्ये सुचविली. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अधूनमधून अदलाबदल होते. अशी शेवटची अदलाबदल सु. ७·८ लाख वर्षांपूर्वी झाली. तेव्हा नवा तळ सतत तयार होत असेल, तर मध्यवर्ती रांगेच्या दोन्ही बाजूंस आलटूनपालटून विरुद्ध दिशांनी चुंबकित झालेले समांतर पट्टे असले पाहिजेत. त्यांच्या निबंधाला आधारभूत ठरलेली मापने अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग रांगेवर केलेली होती. कॅनडातील लॉरेन्स मॉर्ली यांनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली होती. परंतु दोन नियतकालिकांनी त्यांचा लेख नाकारला. १९६६ मध्ये दक्षिण पॅसिफिकमधील ‘एल्टॅनिन’ जहाजाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. रांगेच्या एका बाजूचे पट्टे दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यांचे जणू प्रतिबिंब असल्याचे त्यांत दिसले. पट्ट्यांची रुंदी जमिनीवरील लाव्हांवरून ठरविलेल्या ध्रुवबदलांच्या कालक्रमाशीही जुळली. यामुळे पूर्वी विरोधात असलेल्या अनेकांनी आपले मत बदलले. १९६८-६९ मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या तळात विंधन केले. रांगेपासून दूर जावे तसतसा तळालगतचा गाळ अधिकाधिक जुना असल्याचे त्यात आढळले.

भूपट्ट सांरचनिकी : या सर्व गोष्टींची सांगड घालण्याचे काम थोड्या वर्षांत झाले. कॅनडाचे जे. टूझो विल्सन यांनी १९६५ मध्ये रूपांतर विभंगांचे (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे भूपट्ट एकमेकांना घासत विरुद्ध दिशांनी सरकतात अशा भेगांचे) स्वरूप स्पष्ट केले. डॅन मॅकेन्झी व रॉबर्ट पार्कर यांनी १९६७ मध्ये आणि जेसन मॉर्गन यांनी १९६८ मध्ये भूपट्टांची हालचाल गोलावरील परिभ्रमणाच्या साध्या भूमितीने मांडली. झाव्ह्ये ल पीशाँ यांनी १९६८ मध्ये सहा मोठ्या भूपट्टांच्या साह्याने साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडून दाखविला. अणुचाचण्या ओळखण्यासाठी १९६० नंतर जगभर सु. १२० केंद्रांवर प्रमाणित भूकंपलेखक बसविण्यात आले होते. पुणे हे त्यांपैकी एक केंद्र होते. त्यांच्या नोंदींवरून भूकंपांचे पट्टे हेच भूपट्टांच्या सीमा असल्याचे, तसेच खंदकांपाशी एक भूपट्ट दुसऱ्याखाली सु. ७०० किमी. खोलीपर्यंत जात असल्याचे स्पष्ट झाले. आजच्या सागरतळाचा जवळजवळ कोणताही भाग सु. १८ कोटी वर्षांहून जुना नाही, उलट खंडांवर ४०० कोटी वर्षांपूर्वीचेही खडक आहेत, या विसंगतीचा उलगडाही यामुळे झाला.

भारताचा प्रवास : मॅकेन्झी व जॉन स्क्लेटर यांनी १९७१ मध्ये हिंदी महासागरातील चुंबकीय पट्ट्यांवरून भारताच्या स्थलांतराचा आलेख मांडला. भारत अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांपासून सु. १३ कोटी वर्षांपूर्वी, तर मादागास्करपासून सु. ९ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. दक्षिण ट्रॅपच्या लाव्हांनंतरच्या काळात त्याचा उत्तरेकडील वेग वर्षाला १५ सेंमी.पेक्षाही अधिक होता. सु. ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर झाल्यावर तो मंदावला व दोहोंमधील टेथिस समुद्राच्या तळावरील गाळ दुमडून हिमालयाच्या रचनेत सामील झाला. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडक मूळचा समुद्रात साचलेला आहे. आता उपग्रहांच्या साह्याने भूपट्टांचे वेग प्रत्यक्ष मोजले जातात. भारत आजही यूरेशियाकडे वर्षाला सु. ४ सेंमी. वेगाने सरकत असून त्यापैकी सु. निम्मी गती हिमालयात सामावली जाते. तेथील मोठ्या भूकंपांचे मूळ या साठत जाणाऱ्या ताणात आहे.

अनिर्णित प्रश्न : भूपट्ट कठीण व अविकृत असतात, हे गृहीतक सर्वत्र सारखेच लागू पडत नाही. भारत व ऑस्ट्रेलिया यांचा मिळून एकच भूपट्ट मानीत असत. परंतु त्यांच्यामधील सागरतळ स्वतःच विकृत होत असल्याने आता ते वेगळे मानले जातात. सीमेपासून दूर, भूपट्टाच्या अंतर्भागात होणाऱ्या भूकंपांचे स्पष्टीकरणही अजून समाधानकारक नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे झालेला व सु. १० हजार लोकांचा बळी घेणारा भूकंप याच प्रकारचा होता. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जात असे. भूपट्ट चालविणारी मुख्य प्रेरणा खंदकांपाशी बुडणाऱ्या थंड व जड भूपट्टाची ओढ ही असावी, असे आज बहुतेकांचे मत आहे. पण प्रावरणातील प्रवाहांचा त्यातील वाटा किती आणि पृथ्वीच्या इतिहासात ही क्रिया केव्हा सुरू झाली, यांविषयी मतभेद आहेत. खंडे सरकतात का, या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. ती कशाने सरकतात, या ज्या प्रश्नावर व्हेगेनर यांची परिकल्पना अडली होती, त्याचे पूर्ण उत्तर अद्याप शोधले जात आहे. प्रेरक शक्ती ठाऊक नसतानाही पुरावे खरे असू शकतात, ही गोष्ट मान्य होण्यास मात्र अर्धशतक लागले.